आगाखान पॅलेसच्या मागच्या बाजूला

पुण्यात शाळा शिकलेल्या माणसाची आगाखान पॅलेसला एक तरी सहल झालेली असतेच. आपलीही झाली होती, सातवीत. पीएमटीच्या दोन बसगाड्या, बंडगार्डनचा पूल आला की ठरलेला आरडाओरडा आणि इतिहासाच्या बाईंची "रांग मोडू नका" ही हाक. दुसऱ्या दिवशी वहीत दहा ओळी लिहून आणायच्या होत्या. बहुतेकांची पहिली ओळ सारखीच होती : "येथे गांधीजींना कैदेत ठेवले होते." ओळ बरोबरच आहे. क्रमिक पुस्तकालाही तेवढीच हवी होती.

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा सांगितलं होतं, शाळेच्या गमतीजमती भरपूर आल्या आहेत, तू इतिहासाचं काहीतरी दे. इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलीकडून इतिहासाचा लेख मागणं हीही एक गंमतच. पण माझं ऑफिस नगर रोडला आहे. गेली कित्येक वर्षं मी रोज त्या फाटकावरून जाते आणि बाहेरगावच्या नाहीतर परदेशी सहकाऱ्यांना "पुणं दाखव" असं फर्मान निघालं की ते काम माझ्याकडे येतं. आठ-दहा वेळा तरी मी तिथे पाहुण्यांना घेऊन गेले असेन. प्रत्येक वेळी लोक असे काही प्रश्न विचारत, की घरी येऊन वाचणं भाग पडे. सुशीला नय्यर यांनी लिहिलेल्या कस्तुरबांच्या आठवणी वाचल्या, गांधीजींचा त्या काळातला सरकारशी झालेला पत्रव्यवहार चाळला. आणि जाणवलं, की त्या वाड्यात गांधीजी पावणेदोन वर्षं राहिले आणि बाहेर पडले. जे बाहेर पडले नाहीत, ते दोघे मागच्या बाजूला आहेत. समाध्या त्यांच्या आहेत. हा लेख त्या दोघांबद्दल आहे.

पर्यटक म्हणून नेत्यांच्या समाध्या पाहायच्या म्हटलं तर जगात त्याची मोठी सोय आहे. ऑफिसच्या कामाने हनोईला गेले होते, तेव्हा हो चि मिन्ह यांचं स्मारक पाहिलं. ज्या बा दिन्ह चौकात त्यांनी १९४५ च्या २ सप्टेंबरला स्वातंत्र्याची घोषणा वाचली, तिथेच ते उभं आहे. दोन-दोनच्या रांगेत चालायचं, बोलायचं नाही, फोटो काढायचा नाही, खिशात हात घालायचा नाही. आपल्या देहाचं दहन व्हावं असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. देह मात्र काचेच्या पेटीत जपून ठेवला आहे. माणूस मोठा झाला की त्याच्या मृत्यूनंतर त्याचं काय करायचं हे राज्य ठरवतं, त्याचं मत विचारात घेतलंच जातं असं नाही.

आपल्याकडे वानवडीला शिंदे छत्री आहे. तिथेही मी पाहुण्यांना नेते. महादजी शिंदे १२ फेब्रुवारी १७९४ ला वानवडीच्या तळावर गेले आणि तिथेच त्यांना अग्नी दिला. दिल्लीच्या बादशहाला १७७२ मध्ये पुन्हा गादीवर बसवणारा, पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलकची वस्त्रं घेऊन पुण्यात आलेला हा सरदार. त्याच्या घराण्याकडे पुढेही राज्य राहिलं, म्हणून त्याच्या स्मरणार्थ एवढी देखणी इमारत उभी राहू शकली. सत्तेतल्या माणसाची समाधी सत्तेतली माणसं बांधतात, हे समजण्यासारखं आहे. आगाखान पॅलेसची गोष्ट उलटी आहे. तिथे मेलेली दोन्ही माणसं सरकारची कैदी होती. त्यांना कुठे जाळायचं, कोणी यायचं, किती जणांनी यायचं, हे तुरुंग खात्याने ठरवलं.

वाडा तिसरे आगाखान सुलतान महंमद शाह यांनी १८९२ मध्ये बांधला. एकोणीस एकरांचा परिसर, कमानी, रुंद व्हरांडे, समोर हिरवळ. योगायोग असा, की १८९२ च्या १ जानेवारीला सुरत जिल्ह्यातल्या सरस गावी महादेव देसाईंचा जन्म झाला. म्हणजे वाडा आणि हा माणूस एका वयाचे.

१९४२ च्या ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच धरपकड. काँग्रेस कार्यकारिणीतल्या नेत्यांना खास गाडीने नगरच्या किल्ल्यात नेलं, हे आपल्याला पाठ आहे. त्याच गाडीतून गांधीजी, महादेवभाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेन यांना चिंचवड स्टेशनवर उतरवून घेतलं आणि मोटारीने येरवड्याकडे आणलं, हे मला फार उशिरा कळलं. चिंचवडला राहणाऱ्या आपल्या वर्गमैत्रिणींना हे माहीत आहे का, विचारायला हवं. पुणे स्टेशनला गर्दी जमेल म्हणून आधीच उतरवलं असावं, असा माझा तर्क. येरवडा गांधीजींना नवं नव्हतं. तिथल्या तुरुंगात ते १९२२ पासून अनेकदा येऊन-जाऊन होते. १९३२ चा पुणे करार झाला तो तिथेच. या वेळी तुरुंगाऐवजी जवळचा हा वाडा निवडला, काटेरी तार लावली आणि पहारे बसवले.

कस्तुरबा त्या गाडीत नव्हत्या. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण आपण त्यांना नेहमी नवऱ्यामागून तुरुंगात गेलेली बायको समजतो. सरकारने त्यांना सांगितलं होतं, की तुम्हाला पतीबरोबर जायचं असेल तर चला, मात्र तुमच्यावर अटकेचं वॉरंट नाही. त्या गेल्या नाहीत. ९ ऑगस्टच्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर गांधीजींची सभा ठरलेली होती. ते नाहीत तर मी बोलेन, असं त्यांनी जाहीर केलं आणि सभेला निघताना त्यांना पकडलं. म्हणजे कस्तुरबांची अटक ही त्यांची स्वतःची अटक होती. वय ७३, हृदय आधीच कमकुवत. मुंबईच्या तुरुंगात दोन रात्री काढून, सुशीला नय्यर यांच्याबरोबर त्या पुण्याला पोचल्या.

हा त्यांचा पहिला तुरुंगही नव्हता. दक्षिण आफ्रिकेत १९१३ मध्ये न्यायालयाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेली लग्नं बेकायदा ठरवली, तेव्हा सत्याग्रह करून त्यांनी तीन महिन्यांची सक्तमजुरी भोगली होती. १९३९ मध्ये राजकोटच्या लढ्यात तब्येत ठीक नसताना गेल्या आणि स्थानबद्ध झाल्या. सातवीतल्या त्या दहा ओळींत यातली एकही नव्हती, आणि मला वाटतं आजच्या सातवीतल्या मुलींच्या वह्यांतही नसावी.

कस्तुरबा आल्या आणि चौथ्या दिवशी महादेवभाई गेले. १५ ऑगस्टची सकाळ. तुरुंगांचे मुख्य अधिकारी भेटीला आले होते, त्यांच्याशी आणि सरोजिनीबाईंशी गप्पा चालू होत्या. बोलता बोलता महादेवभाईंना चक्कर आली आणि ते कोसळले. सुशीलाबेन डॉक्टर होत्या, त्यांनी करता येईल ते केलं. गांधीजी धावत आले आणि त्यांच्या नावाने हाका मारत राहिले. काही मिनिटांत सगळं संपलं. वय ५० वर्षं. गांधीजी पुन्हा उपवास करणार आणि या वेळी वाचणार नाहीत, ही चिंता त्यांना अटकेच्या आधीपासून पोखरत होती, असं त्यांच्या सोबतच्या सगळ्यांनी लिहून ठेवलंय.

महादेवभाई म्हणजे गांधीजींचे सेक्रेटरी, एवढं आपल्याला माहीत. ते १९१७ मध्ये गांधीजींकडे आले. त्यानंतरची पंचवीस वर्षं त्यांची पत्रं, भाषणं, भेटी, कोण काय म्हणालं, ते काय म्हणाले, हे सगळं रोजच्या रोज उतरवून ठेवलं. गांधीजींच्या आत्मकथेचं इंग्रजी भाषांतर त्यांचं. शिवाय स्वयंपाक, प्रवासाची व्यवस्था, आलेल्या माणसांना सांभाळणं. आमच्या व्यवसायात प्रत्येक टीममध्ये असा एकजण असतो. तो काय करतो ते कुणाला नेमकं सांगता येत नाही आणि तो सोडून गेला की दुसऱ्या दिवशी काहीच चालत नाही. आज गांधीजींबद्दल आपण जे बारीकसारीक जाणतो त्यातलं बरंच या माणसाने रात्री जागून लिहिलेलं आहे. १५ ऑगस्टनंतर आगाखान पॅलेसमध्ये तसं लिहिणारं कुणी उरलं नाही.

देह कुटुंबीयांच्या किंवा मित्रांच्या स्वाधीन करा, अशी गांधीजींची विनंती होती. सरकारने मानली नाही. मग त्यांनी स्वतः महादेवभाईंना आंघोळ घातली, चंदन लावलं आणि वाड्याच्या आवारातच अग्नी दिला. दोघांच्या वयात बावीस वर्षांचं अंतर होतं. वडिलांनी मुलाचं करावं तसं झालं. कुटुंबाला कळवायला तार लिहून दिली. ती तार म्हणून गेलीच नाही, टपालाने गेली आणि कित्येक दिवसांनी पोचली. या गोष्टीचा गांधीजींनी सरकारला नंतर पत्रातून जाब विचारला. त्या दिवसापासून ते रोज त्या जागी फुलं घेऊन जात. कस्तुरबा तिला शंकर-महादेवाचं देऊळ म्हणत.

बरोबर पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. त्या दिवशी गांधीजी कलकत्त्यात होते आणि त्यांनी उपवास केला, सूत कातलं, हे सर्वांना ठाऊक असतं. तो महादेवभाईंचा पाचवा स्मृतिदिन होता, हे सहसा कुणी सांगत नाही. दर १५ ऑगस्टला आपण शाळेत झेंडावंदनाला पांढरे कपडे घालून उभे राहायचो. आपल्या शाळेपासून एका बसच्या अंतरावर या तारखेची दुसरी बाजू होती.

कैदेतले दिवस कसे जात असतील, हा प्रश्न मला माझ्या एका तामिळ सहकाऱ्याने विचारला होता. एवढा मोठा वाडा, भोवती पहारा, बाहेर जायला बंदी आणि ही सात-आठ माणसं. (टाळेबंदीनंतर हा प्रश्न आपल्याला परका राहिलेला नाही.) सुशीलाबेनच्या आठवणींत याची उत्तरं सापडतात. कस्तुरबा कॅरम खेळत! मीराबेन त्यांच्या जोडीदार. डावात जिंकलेलं त्यांना फार आवडे. आपल्या शाळेच्या जिमखान्यात कॅरमवरून झालेली भांडणं आठवली की मला हे वाचताना हसू येतं. इंग्लंडातल्या नौदल अधिकाऱ्याची मुलगी आणि पोरबंदरच्या व्यापाऱ्याची मुलगी, पुण्यात, सोंगटी काढण्यात गुंतलेल्या.

आणि शाळा होती. गांधीजी कस्तुरबांना रोज शिकवत. गुजराती वाचन-लेखन, गीता, थोडा भूगोल. प्रांतांची, राजधान्यांची, नद्यांची नावं. पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी विसरायला होई आणि त्या खट्टू होत. एक दिवस त्यांनी लिहायला वही मागितली. इतरांकडे वह्या होत्या, आपल्यालाही असावी. गांधीजींचं म्हणणं, आधी सुट्या कागदावर लिही, अक्षर सुधारलं की वही देऊ. कस्तुरबांना ते लागलं. पुढे त्यांच्यासमोर वही आणून ठेवली, पण त्यांनी ती वापरली नाही. माझ्यासारखीला वही कशाला, सुटा कागद पुरे, असं म्हणून बाजूला केली. घरातल्यांनी विनवलं, स्वतः गांधीजींनी सांगून पाहिलं, तरी नाही.

हा प्रसंग मी पाहुण्यांना प्रत्येक वेळी सांगते आणि आपल्या शिक्षकांपुढे तर मुद्दाम मांडावासा वाटतो. कागद वाया जाऊ नये हा गांधीजींचा नियम होता आणि तो त्यांनी स्वतःलाही लावला होता. आलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहिणारा माणूस तो. पण ७४ व्या वर्षी शिकायला बसलेल्या विद्यार्थिनीला वही नाकारायची नसते. आपल्या बाईंनी ती दिली असती, कव्हर घालून, वर नाव लिहून. माझ्या आजीला लिहिता येत नव्हतं. साठीनंतर ती माझ्या जुन्या पाटीवर सही गिरवायला शिकली, बँकेत अंगठा द्यायची तिला लाज वाटायची म्हणून. ती पाटी तिने गादीखाली ठेवली होती, कुणी बघू नये म्हणून. कस्तुरबांच्या नकारामागे काय असेल, ते मला त्या पाटीवरून थोडंफार कळतं.

१९४३ च्या १० फेब्रुवारीला गांधीजींनी २१ दिवसांचा उपवास सुरू केला. मध्यंतरी ते जातात की काय अशी स्थिती आली होती. सरकारने सगळी तयारी करून ठेवली होती, आणि तयारी म्हणजे अगदी चंदनाची लाकडंसुद्धा. ते वाचले. लाकडं तिथेच पडून राहिली.

त्याच वर्षाच्या अखेरीस कस्तुरबांची तब्येत ढासळली. हृदयविकाराचे झटके, श्वास लागणं, रात्र रात्र बसून काढणं. कैद्याच्या आजारपणात प्रत्येक गोष्टीला अर्ज लागतो. मुलांना भेटू द्या, अर्ज. सोबतीला अमकी द्या, अर्ज. पुण्यातले निसर्गोपचारवाले डॉ. दिनशा मेहता यांना येऊ द्या, अर्ज. कस्तुरबांना वैद्याचं औषध हवं होतं. लाहोरचे वैद्य शिव शर्मा आले, पण रात्री आत राहायची परवानगी नाही. रात्रीबेरात्री बोलावणं आलं तर जवळ असावं म्हणून ते फाटकाबाहेर आपल्या मोटारीत झोपत. गांधीजींनी सरकारला लिहिलं, की हे असंच चालायचं असेल तर तिला सोडून द्या, नाहीतर मला दुसरीकडे हलवा, निदान तिचे हाल बघत बसायला लावू नका. कस्तुरबा गेल्यावर ब्रिटिश संसदेत सांगण्यात आलं, की त्यांना सर्व शक्य ते उपचार मिळत होते. कोणत्याही काळातल्या सरकारी उत्तराचा मसुदा एकच असतो बहुधा.

शेवटच्या दोन दिवसांत धाकटा मुलगा देवदास पोचला. पेनिसिलिन तेव्हा नवं होतं, युद्ध चालू असल्याने बहुतेक सगळं सैन्याकडे जाई. देवदासने खटपट करून ते कलकत्त्याहून विमानाने मागवलं होतं. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार, हे कळल्यावर गांधीजी नको म्हणाले. ती आता बरी होणार नाही, जाता जाता तिला टोचत का बसायचं. देवदासला ते पटलं नाही. बापलेकांत बराच वाद झाला.

या प्रसंगावरून गांधीजींवर पुष्कळ टीका झाली आहे. नंतर त्यांनी स्वतः हिवतापात क्विनाइन घेतलं, मग बायकोला औषध का नाही, असं विचारलं जातं. मी अनेक दिवस याच मताची होते. मग चार वर्षांपूर्वी माझी आई गेली. शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघी बहिणी आणि भाऊ, तिघे दवाखान्याच्या जिन्यात उभे राहून असेच भांडलो होतो. अजून एक उपाय करून बघू म्हणणारी मी होते. भाऊ म्हणत होता, आता तिला घरी नेऊ. दोघांचंही आईवर सारखंच प्रेम होतं आणि दोघांनाही समोरचा निर्दय वाटत होता. तेव्हापासून मला देवदासही कळतो आणि गांधीजीही. कस्तुरबांची मूत्रपिंडं तोवर काम करेनाशी झाली होती, पेनिसिलिनने फार काही झालं असतं असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. देवदासच्या जागी मी असते तर मात्र वाद घातलाच असता.

२२ फेब्रुवारी १९४४. महाशिवरात्र. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास गांधीजींच्या मांडीवर डोकं ठेवून कस्तुरबा गेल्या.

पुन्हा तोच प्रश्न, देहाचं काय करायचं. गांधीजींनी सरकारपुढे तीन पर्याय ठेवले. देह मुलांच्या आणि नातेवाइकांच्या ताब्यात द्या, म्हणजे अंत्यविधी लोकांमध्ये होईल. ते नसेल तर महादेवसारखं इथेच करू, पण नातेवाइकांना आणि मित्रांना येऊ द्या. मित्रांना मनाई असेल तर नातेवाईकही नकोत, आम्ही कैदीच काय ते करू. सरकारने मधला पर्याय निवडला. दीडशेच्या आसपास माणसं आत येऊ शकली. पुणे शहर बाहेर राहिलं.

गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी त्यांना नेसवली होती. एका स्नेह्याने चंदनाची लाकडं देऊ केली. गरीब माणूस बायकोला चंदनात जाळत नाही, असं म्हणून गांधीजींनी नाही म्हटलं. तेव्हा तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सांगितलं, की चंदन आमच्याकडे आहे. वर्षापूर्वीच्या उपवासात तुमच्यासाठी आणून ठेवलं होतं. माझ्यासाठी आणलेलं तिला चालेल, असं म्हणून त्यांनी होकार दिला. चिता पूर्ण जळेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. चौथ्या दिवशी राख गोळा करताना कस्तुरबांच्या हातातल्या काचेच्या पाच बांगड्या न तडकता सापडल्या, असं सुशीलाबेननी नोंदवलं आहे. काच किती तापमानाला वितळते वगैरे माझ्या डोक्यात लगेच येतं, शिक्षणच तसं झालंय. पण पाहुण्यांमधल्या बायका हे ऐकून गप्प होतात आणि मी तो विषय काढत नाही.

त्यांच्या नावाने देशभर निधी गोळा झाला. गांधीजींच्या पंचाहत्तरीपर्यंत पंचाहत्तर लाख जमवायचे ठरले होते, जमले एक कोटीच्या वर. त्यातून खेड्यांतल्या बायकामुलांसाठी कस्तुरबा ट्रस्ट उभा राहिला. महाराष्ट्रातलं त्याचं काम प्रेमाताई कंटक यांनी सासवडच्या आश्रमातून केलं. सासवड आपल्या कितीतरी जणांच्या शनिवार-रविवारच्या वाटेवर असतं, म्हणून सांगितलं.

एप्रिलमध्ये गांधीजींना हिवताप झाला आणि ६ मे १९४४ ला त्यांना सोडण्यात आलं. सकाळी निघण्यापूर्वी ते दोन्ही समाध्यांवर जाऊन आले. तिथून ते जवळच्याच टेकडीवरच्या पर्णकुटीत, लेडी ठाकरसींच्या बंगल्यात गेले. सुटकेच्या दिवशी, आजारी असताना, त्यांनी सरकारला एक पत्र लिहिलं. त्यात देशाचं राजकारण नव्हतं. मागणी एवढीच होती, की दोन देहांचं जिथे दहन झालं तो कुंपण घातलेला तुकडा पवित्र झाला आहे. तो सरकारने संपादित करावा आणि आगाखानांच्या जमिनीतून तिथपर्यंत जायला वाटेचा हक्क द्यावा. ज्यांना दर्शनाला यायचं असेल त्यांना येता आलं पाहिजे. वकिलाने लिहिलेलं पत्र आहे ते, सगळ्या अर्थांनी. कायद्याने आम्हाला तसं करता येत नाही, असं सरकारकडून उत्तर आलं.

पुढे स्वतंत्र भारतात आधी समाध्यांची बांधणी झाली. साठीच्या दशकात तरुण वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी ती केली. जवळजवळ त्याच काळात त्यांनी साबरमतीचं गांधी संग्रहालयही बांधलं. १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, चौथ्या आगाखानांनी सगळा वाडाच देशाला देऊन टाकला. गांधीजींच्या अस्थींचा काही भागही तिथे ठेवला आहे. २००३ मध्ये ते राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून जाहीर झालं. रिचर्ड ॲटनबरोंच्या 'गांधी' चित्रपटातला कैदेचा भाग याच वाड्यात चित्रित झाला आणि त्यात कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी आपल्या पुण्याच्याच, हे सांगितलं की परदेशी पाहुणे एकदम जागे होतात. बहुतेकांनी कस्तुरबांना त्या एका चित्रपटातच पाहिलेलं असतं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. आत शिरलं की सगळे आधी वाड्यातल्या खोल्या बघतात. गांधीजींची खोली, तसबिरी, वापरातल्या वस्तू. तोवर पाय दुखायला लागतात, मुलं कंटाळतात आणि समाध्या राहून जातात. आपल्या सहलीत पहिल्या बसमधली मुलं तिथे पोचली होती, दुसऱ्या बसमधल्यांचा वेळ हिरवळीवर गेला होता, असं आता ग्रुपवर चौकशी केल्यावर कळलं. तेव्हा आधी मागे जा. संगमरवराच्या दोन छोट्या, तुळशीवृंदावनासारख्या रचना आहेत, शेजारी शेजारी. हनोईसारखा कडक पहारा नाही, बोलायला बंदी नाही. पक्ष्यांचा आवाज असतो आणि नगर रोडवरच्या हॉर्नचाही.

दुसरी गोष्ट वाटेची. वनाज ते रामवाडी मेट्रो आधी नगर रोडनेच जायची होती. पण संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, म्हणून तिची वाट बदलून ती कल्याणीनगरातून वळवावी लागली. ऑफिसला जाताना गाडी त्या वळणावर हळू होते तेव्हा डब्यातले लोक मोबाइलवरून मान वर करून, काय झालं म्हणून बाहेर बघतात. संमेलनाला बाहेरगावाहून येणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळा वेळ असेल, तर कल्याणीनगर स्टेशनला उतरायचं. तिथून रिक्षा मिळते.